एरर मारतंय!

आंबेगाव तालुक्यातल्या कळंबच्या ई-सेवा केंद्रात गर्दीच्या दिवशी अर्धा तास उभे राहा. तीन वाक्यं कानावर पडतील. ‘सर्व्हर डाऊन आहे.’ ‘एरर मारतंय.’ ‘उद्या चक्कर मारा.’

तिन्ही वाक्यं केंद्र चालवणारा पोरगा बोलतो. कारण ज्याने बोलायला हवं, ते पोर्टल काहीच बोलत नाही.

पडद्यावर एक गोल फिरत असतो. फिरून फिरून थांबतो आणि वर तांबडी पट्टी येते. तिच्यात इंग्रजीतली एक ओळ: ‘समथिंग वेंट राँग. प्लीज ट्राय अगेन.’ काहीतरी बिघडलंय, पुन्हा प्रयत्न करा. काय बिघडलं? कुणाकडून बिघडलं? भरलेले पैसे पोचले का? अर्ज अर्धा गेला की मुळीच गेला नाही? पट्टीवर यातलं काही नाही.

पोरगा पुन्हा बटण दाबतो. दुसरं करणार काय? पट्टीनेच तसं सांगितलंय. संध्याकाळी मेसेज येतो, पैसे दोनदा कापले. पावती एकदाही नाही.

मग चुकलं कोण? रांगेतले सगळे म्हणतात, पोराने घाई केली.

नाही. चुकला तो पट्टी लिहिणारा.

वेबसाईट आता कुणी पहिल्या ओळीपासून लिहीत नाही. जँगो, लाराव्हेल, रेल्स, स्प्रिंग अशी तयार फ्रेमवर्क घेतात आणि त्यावर आपलं काम चढवतात. बिघाड झाला तर काय करायचं, याचा पहिला निर्णय फ्रेमवर्क घेतं. दुसरा निर्णय प्रोग्रामर घेतो. दोघांनीही टाळला, की तो निर्णय थेट कळंबच्या काउंटरवर येऊन पडतो.

तो टाळला कसा जातो, हे समजून घ्यायला एक आकडा पुरेसा आहे.

संगणकावरचा प्रत्येक प्रोग्राम संपताना मागे एक आकडा ठेवतो. त्याला एक्झिट कोड म्हणतात. शून्य म्हणजे काम झालं. दुसरा कुठलाही आकडा म्हणजे झालं नाही. युनिक्सची ही जुनी रीत आजही प्रत्येक सर्व्हरवर पाळली जाते. 127 आला तर शेलला, म्हणजे टाइप केलेले हुकूम चालवणाऱ्या प्रोग्रामला, तो हुकूमच सापडला नाही. 126 आला तर सापडला, पण चालवायची परवानगी नाही. 130 म्हणजे माणसाने कंट्रोल-सी दाबून मध्येच थांबवलं. 137 म्हणजे सिस्टिमने जबरदस्तीने मारलं, बहुतेक वेळा मेमरी संपली म्हणून.

मेलेला प्रोग्रामसुद्धा कशाने मेला ते कळवून जातो. जिवंत पोर्टलला ते जमत नाही?

हा आकडा माणसांसाठी नाही, दुसऱ्या प्रोग्रामसाठी आहे. नवा कोड सर्व्हरवर चढवणारी यंत्रणा असते, पडलेली सेवा पुन्हा उठवणारा सिस्टिमडी असतो. त्यांना तांबडी अक्षरं कळत नाहीत. त्यांना फक्त आकडा कळतो. सिस्टिमडीला बहुधा एवढंच सांगून ठेवलेलं असतं, की बिघाडाने पडला तर उठव. आता प्रोग्राम मध्यरात्री कोसळला आणि जाताना शून्य ठेवून गेला, तर सिस्टिमडी काय समजेल? काम आटोपून गेला. तो त्याला उठवत नाही.

सकाळी दहा वाजता कळंबमध्ये सर्व्हर डाऊन.

म्हणजे दर वेळी नेटला आणि पावसाला शिव्या घालू नका. कित्येकदा मुळाशी एक खोटा शून्य असतो.

हे खोटे शून्य तयार कसे होतात? पहिली रीत सगळ्यात सोपी. प्रोग्रामर चूक पकडतो आणि गिळतो. पायथनमध्ये त्याला दोन ओळी पुरतात. चूक झाली? झाली. पुढे चला. शेवटी शून्य.

दुसरी रीत हुशार माणसांची. किती चुका झाल्या, तीच संख्या एक्झिट कोड म्हणून द्यायची. तीन चुका तर 3, दहा चुका तर 10. ऐकायला झकास. पण या आकड्याच्या घरात 0 ते 255 एवढंच मावतं. त्यापुढे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दोनशे पंचावन्न चुकांना बिघाड म्हणणारा प्रोग्राम दोनशे छप्पन्नावी चूक झाली की शून्य देतो.

एक चूक वाढली आणि सगळं ठीक झालं!

तिसरी रीत बॅकअपवाल्यांची. एका प्रोग्रामने डेटाबेस उतरवून घ्यायचा, तो पाइपमधून दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याने तो दाबून फाईल करायची. शेल निकाल विचारतो फक्त शेवटच्याला. पहिला सुरुवातीलाच मेला, दुसऱ्याच्या हाती काहीच आलं नाही, त्याने ते काहीच व्यवस्थित दाबून ठेवलं. शून्य. यावर उपाय आहे. ‘पाइपफेल’ नावाचा एक पर्याय स्क्रिप्टच्या डोक्यावर चालू करायचा, म्हणजे मधला कुणी मेला तरी कळतं. एका ओळीचं काम.

ती ओळ नसलेल्या किती स्क्रिप्ट आज रात्री धावणार आहेत?

मोठ्यांच्या घरीही हेच होतं. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी. 31 जानेवारी 2017 ला तिथल्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याचा हुकूम दिला आणि सुमारे 300 जीबी डेटा गेला. ठीक, बॅकअप असेल. बॅकअपच्या जागी पाहिलं तर रिकामं. डेटाबेस 9.6 आवृत्तीचा, उतरवून घेणारं अवजार 9.2 चं. ते दर वेळी चूक देऊन थांबत होतं. चूक झाल्याचे ईमेल निघतही होते. पण पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही म्हणून पलीकडची मेल यंत्रणा ते नाकारत होती.

ओरडणारा ओरडत होता. ऐकणाऱ्याचं दार बंद होतं.

वाचवलं कशाने? एका माणसाने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढून ठेवलेल्या प्रतीने. मधल्या सहा तासांतलं काम मात्र गेलं ते गेलंच. तरी या कंपनीचं एक मला मनापासून आवडतं. त्यांनी काही झाकलं नाही. डेटा परत आणण्याची धडपड सगळ्या जगाला थेट दाखवली आणि नंतर प्रत्येक चूक तारीख-वेळेसकट लिहून काढली. आपल्याकडे पोर्टल पडल्यावर असं काही कधी वाचलंय?

कुणाची तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक, हा समज आपल्या आंबेगाव तालुक्याला तरी परवडणारा नाही. 30 जुलै 2014. माळीण. सकाळी डोंगर गावावर आला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. बाहेरच्या जगाला कळलं कसं? रोजच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव दिसेना, म्हणून. गावातून फोन आला नाही, निरोप आला नाही, आणि ती शांतता कुणालाच धोक्याची वाटली नाही.

दरड आणि कोड एका दमात बोलणं काहींना खटकेल. मला न बोलणं खटकतं.

ज्याला हाक मारता येणार नाही, त्याच्या गप्प बसण्यावर लक्ष ठेवावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये याला हार्टबीट म्हणतात. ठरल्या वेळी ‘मी चालू आहे’ असा निरोप आला नाही, तर तो न येणं हाच इशारा धरायचा. गिटलॅबच्या बॅकअपवर अशी नजर असती, तर पहिल्याच रात्री बोंब झाली असती.

जमत नाही असं कुणी म्हणू नये. पलीकडे खोडदला जाऊन या. तिथे आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना उभ्या आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. एखादी अँटेना त्या वेळी नीट चालत नसेल, किंवा मध्ये कुणाच्या मोबाईल-वायरलेसची लुडबुड आली असेल, तर तेवढ्या डेटावर खूण करून तो बाजूला काढतात. फ्लॅगिंग म्हणतात त्याला. शास्त्रज्ञ आकाशाचं चित्र काढण्याआधी या कामात तासन् तास घालवतात. कारण खराब डेटा गुपचूप चांगल्यात मिसळला, तर नसलेली गोष्ट आकाशात दिसेल.

नारायणगावच्या शेजारी दूरच्या दीर्घिकांच्या बाबतीत एवढी सचोटी पाळतात. सातबाऱ्याच्या बाबतीत का नको?

आता फ्रेमवर्कवाल्यांकडे येऊ. जँगोचा जन्म वर्तमानपत्राच्या कचेरीतला. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड नावाच्या दैनिकात 2003 साली तो लिहायला घेतला, 2005 साली सगळ्यांसाठी खुला केला. बातमीदारांच्या घाईत घडलेलं अवजार म्हणून माझं त्याच्यावर जरा जास्त प्रेम आहे. पण त्यातही एक उणीव वर्षानुवर्षं होती. जँगोच्या कमांडमध्ये बिघाड झाल्याचं सांगायला ‘कमांडएरर’ आहे. ती आली की प्रोग्राम एकच आकडा देऊन थांबायचा, 1. फाईल सापडली नाही तरी 1. डेटाबेस बंद तरी 1. पैसे जमा करणाऱ्या बँकेने उत्तर दिलं नाही तरी 1. वेगळा आकडा हवा असेल तर प्रोग्रामरने आपली वेगळी खटपट करायची.

ऑगस्ट 2020 मध्ये 3.1 आवृत्ती आली आणि ‘कमांडएरर’ला हवा तो आकडा देता येऊ लागला. खुलं झाल्यापासून पंधरा वर्षांनी.

सुधारणा किती मोठी? कोडच्या मोजक्या ओळी. परिणाम? आता पुढचा प्रोग्राम ठरवू शकतो की फाईल नाही म्हणून थांबायचं, बँक गप्प आहे म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा विचारायचं, की माणसाला झोपेतून उठवायचं. असल्या सुधारणांना कुणी टाळ्या वाजवत नाही. नवं रंगीत बटण आलं की वाजवतात.

पीएचपी या वेबच्या भाषेची खोड तर याहून जुनी. इथला आकडा एक्झिट कोड नव्हे, पानासोबत ब्राउझरला जाणारा वेबचा आकडा. चूक पडद्यावर छापायची सोय चालू ठेवली असेल, तर जीवघेणी चूक होऊनही ब्राउझरला आकडा जातो 200. म्हणजे ठीक. पानावर लिहिलेलं असतं ‘फेटल एरर’, आणि पाकिटावर शिक्का ‘सुखरूप पोचलं’. ती सोय बंद केली तर योग्य आकडा जातो, 500. किती साईटवर ती चालूच राहिलेली असते, हे कुठल्याही जुन्या सरकारी पानावर दोन-चार क्लिक करून पाहा.

या आकड्यांत एक नैतिक भाग आहे, तो कुणी बोलत नाही. वेबच्या नियमात 400 च्या घरातला आकडा म्हणजे मागणाऱ्याची चूक. 500 च्या घरातला म्हणजे देणाऱ्याची. इतकं स्वच्छ आहे. तुमचा पत्ता चुकला, 404. आमचं यंत्र कोसळलं, 500. आमच्याकडे गर्दी झालीय, 503, आणि सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ म्हणून इतक्या वेळाने या असं लिहायची जागासुद्धा.

मग आमच्या पट्टीवर ‘आपली माहिती तपासा’ का येतं?

कारण पाचशेचं पाप चारशेच्या माथी मारणं सोपं असतं. पोर्टलचा आधारशी संपर्क तुटलेला असतो आणि बाईला सांगितलं जातं, तुमचा आधार तपशील जुळत नाही. ती बिचारी बसते एसटीत, जाते मंचरला, आधार केंद्रापुढे रांग लावते, घासलेल्या बोटांचे ठसे पुन्हा देते. कांदा काढणीचा दिवस बुडतो. आधारमध्ये काही चूक नव्हतीच.

दिवस तिचा गेला. बिघाड यांचा होता.

21 मे 2025 आठवतो का? अकरावीची ऑनलाइन नोंदणी पहिल्यांदाच राज्यभर. तोवर हा प्रकार मुंबई, पुणे-पिंपरी, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांपुरता होता. त्या दिवसापासून आंबेगाव-जुन्नरच्या पोरांनाही त्यातूनच जायचं होतं. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ चालेना. नोंदणी पुढे ढकलून 26 मेपासून घ्यावी लागली. गर्दीने यंत्र बसतं, हे मी समजू शकतो. लाखो पोरं एकदम आली तर बसेल. पण बसल्यावर पहिल्या तासात एक वाक्य लिहिता येत नव्हतं? ‘बिघाड आमच्याकडे आहे, तुमची जागा जाणार नाही, अमुक वेळेआधी प्रयत्न करू नका.’ एवढं वाक्य आलं असतं तर घराघरांत आईबाप मोबाईल घेऊन गच्चीवर रेंज शोधत बसले नसते.

याहून जिव्हारी लागलेलं उदाहरण लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीचं. सप्टेंबर 2025 मध्ये ती सुरू झाली. बाईचा आधार आणि ओटीपी झाला की पुढच्या पानावर पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यावरचा ओटीपी. ज्यांचे पतीही नाहीत आणि वडीलही नाहीत, त्यांनी काय टाकायचं?

काय टाकणार? रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नाही. 21 ते 65 वयाच्या बायकांसाठीची योजना. त्या वयात नवरा गेलेल्या, सोडून दिलेल्या, आईबाप वारलेल्या बायका किती असतात हे कळायला संगणकशास्त्र लागत नाही, गावात राहिलं की पुरे. शेवटी नोव्हेंबरमध्ये मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली आणि या बायकांकडून मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचे कागद घेण्याची वाट काढली. वाट काढली हे चांगलंच झालं. पण दोन महिने त्या बायका पडद्यापुढे ‘एरर’ होऊन बसल्या होत्या.

विधवा असणं ही इनपुटमधली चूक नाही.

कोड लिहिताना जो प्रसंग विचारात घेतला नाही, तो वापरणाऱ्याचा दोष ठरतो. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

उलटंही घडतं. चूक असूनही पोर्टल ती आनंदाने गिळतं. आपल्या गावाचंच घ्या. महाराष्ट्रात कळंब एक नाही. धाराशिव जिल्ह्यात कळंब तालुका आहे, यवतमाळ जिल्ह्यात कळंब तालुका आहे, इंदापूर तालुक्यात एक कळंब आहे, आणि घोड नदीकाठचं आपलं आहे. यादीत नुसतं ‘कळंब’ शोधून वरचा पर्याय दाबला, तर अर्ज मराठवाड्यात जातो आणि वर हिरवी खूण येते, ‘यशस्वी’. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतंत्र कोड आहे. तुमचा पत्ता पुणे जिल्ह्याचा आणि निवडलेलं गाव धाराशिवचं, हे यंत्राला क्षणात कळू शकतं. विचारलं तर.

विचारत नाही, म्हणून महिनाभराने कळतं, तेही अर्ज नामंजूर झाल्यावर.

आणि हे सगळं अवघड आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी घोडच्या काठावरच्या एखाद्या मोटरीपाशी जावं. पेटीत काही हजारांचा मोबाईल स्टार्टर असतो. रात्री थ्री फेज आली की शेतकऱ्याला फोन येतो. मोटर बंद पडली तरी येतो, आणि का पडली तेही तो डबा मराठीत बोलतो. लाईट गेली. एक फेज नाही. विहिरीला पाणी नाही, मोटर कोरडी चालत होती म्हणून बंद केली. लोड जास्त झाला. शेतकरी अंथरुणातच ठरवतो, आत्ता उठायचं की सकाळी बघायचं. त्या डब्याने ‘काहीतरी बिघडलं, पुन्हा प्रयत्न करा’ असं सांगितलं असतं, तर चार दिवसांत तो दुकानदाराच्या टेबलावर आपटला गेला असता.

पोर्टल कुणाच्या टेबलावर आपटायचं?

नियम नाहीत असंही नाही. प्रोग्राम एकमेकांना चूक कशी सांगतील, याचं प्रमाण 2016 मध्ये ठरलं, आरएफसी 7807. ते 2023 मध्ये सुधारलं, आरएफसी 9457. त्यात सांगितलंय, चुकीचा प्रकार लिहा, एका ओळीत नाव लिहा, आकडा लिहा, या वेळी नेमकं काय झालं ते लिहा, आणि या एका घटनेची वेगळी ओळख लिहा. शेवटचं सगळ्यात मोलाचं. ती ओळख पावतीवर आली, तर मंत्रालयातल्या माणसाला फोनवर ‘काल अकराच्या सुमारास, साहेब, गोल फिरत होता’ असं सांगावं लागणार नाही. नंबर सांगितला की तिकडे नोंद उघडेल. दोनदा पैसे कापण्यावरही उपाय ठरलेला आहे. अर्ज उघडतानाच त्याला एक क्रमांक द्यायचा आणि त्या क्रमांकावर दुसऱ्यांदा पैसे घ्यायचेच नाहीत. बटण दहा वेळा दाबू द्या.

आंबेगाव-जुन्नरची किती पोरं हिंजवडीला हेच काम करतात! त्यांना माझं सरळ सांगणं आहे. सोमवारी ऑफिसात गेल्यावर आपल्या चाचणीच्या सर्व्हरचा डेटाबेस बंद करा. मग आपलीच कमांड चालवा. संपली की एको, डॉलर, प्रश्नचिन्ह टाइप करा आणि कुठला आकडा येतो ते बघा. शून्य आला, तर त्या दिवशी दुसरं काम हातात घेऊ नका. मॅनेजर विचारेल, यातून क्लायंटला दिसणारं काय मिळालं? त्याला माळीणची एसटी सांगा, गिटलॅबचा रिकामा बॅकअप सांगा. ऐकत नसेल तर पुन्हा सांगा.

आणि निविदा काढणाऱ्यांनी एक कलम वाढवावं. पोर्टल ताब्यात घेण्याआधी, उद्घाटनाच्या फितीआधी, सगळ्यांसमोर त्याचा डेटाबेस बंद करायचा. मग आधारचा संपर्क तोडायचा. मग पैसे भरताना मध्येच नेट काढायचं. प्रत्येक वेळी पडद्यावर जे मराठी वाक्य येईल, ते साठीच्या एखाद्या बाईला वाचायला द्यायचं आणि विचारायचं, आता काय कराल? तिला सांगता आलं नाही, तर बिल थांबवा.